चौथं बूच

नळीतून पेन्सिल निघाली. म्हणजे पेन्सिलीचा तुकडा, करंगळीच्या दोन पेरांएवढा. मी आधी चिमट्याने ओढला तेव्हा वाटलं, कुजलेल्या रबराची गुठळी असेल. चाळीस वर्षांच्या गाडीत अशा गुठळ्या निघतात, त्यात नवल काही नाही. मग तो टेबलावर पडला, एकदा घरंगळला आणि त्याचा निळा रंग दिसला. टोकाशी चाकूने पाडलेल्या दोन खाचा. मी दिवा जवळ ओढला आणि लगेच परत लांब सारला. बाहेर भर दुपार होती, शेजारच्या छापखान्यात यंत्र चालू होतं, त्याच्या ठेक्याने माझ्या टेबलावरचे स्क्रू नेहमीसारखे थरथरत होते. मी उठलो, दार आतून लावलं, परत येऊन बसलो. मग गाडीकडे वळून मी बॉनेटखाली डोकं घातलं आणि नळी जिथे बसते तिथल्या पट्टीमागचा पत्रा नखाने खरवडला. वरचा हिरवा रंग निघाला. खाली फिकट पिवळा होता. एवढा वेळ ही गाडी माझ्याकडे उभी होती, पंधरा दिवस, आणि मी तिला ओळखलं नव्हतं.

मी जुन्या गाड्यांचे क्रूझ कंट्रोल दुरुस्त करतो. ऐकणाऱ्याला वाटतं हा काहीतरी मोठा शास्त्रज्ञ दिसतो. तसं काही नाही. पूर्वीच्या थोड्या ऐटबाज गाड्यांत वेग धरून ठेवणारं एक यंत्र असायचं. लांबच्या रस्त्यावर बटण दाबलं की गाडी तोच वेग धरणार, तुम्ही पाय काढून घ्या. आता हे सगळं एका चिपमध्ये होतं. तेव्हा मात्र ते रबराच्या भात्यावर चालायचं. इंजिन भात्यातली हवा ओढतं, भाता आकसतो, त्याला बांधलेली बारीक साखळी एक्सलरेटर ओढून धरते. आणि त्याच भात्यातून एक नळी ब्रेकच्या पेडलपाशी जाते. ब्रेक दाबला की तिथली झडप उघडते, नळीतून हवा भात्यात शिरते, भाता सैल पडतो, साखळी सुटते, गाडी तुमच्या ताब्यात. पुढच्या मॉडेलांत विजेची आणखी एक वाट दिली. ह्या मॉडेलात सुटायची वाट एकच, ही नळी. भाता टेबलावर तपासताना ही नळी बंद करावी लागते, नाहीतर हवा टिकत नाही. म्हणून तिच्यात बूच मारायचं. तपासणी झाली की बूच काढायचं, मग नळी गाडीत बसवायची. सगळं एवढंच आहे. ह्यात विसरण्यासारखं एकच आहे.

ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे मी हे शिकलो ते बुचाला हातभर लाल फीत बांधायचे. फीत लोंबत असली की गाडी दुकानाबाहेर काढायची नाही. मी पहिल्या आठवड्यात हसलो होतो, तर म्हणाले, ‘‘हसा. तुमच्या डोक्यापेक्षा फितीवर माझा भरवसा जास्त.’’ ते गेल्यावर काही वर्षं मी इमानेइतबारे फीत बांधली. मग हळूहळू नाव झालं. लांबून लांबून गाड्या यायला लागल्या, माणसं ‘भातेवाले’ म्हणून ओळखायला लागली, आणि मला फितीची लाज वाटायला लागली. गिऱ्हाईक समोर उभं असताना असली लाल शेपटी लोंबवणं म्हणजे शिकाऊ माणसाचं लक्षण. मी बुचं नळीत आत खोल ढकलायला लागलो, बाहेरून दिसायचीही नाहीत. काय ती ऐट! आज त्या ऐटीची आठवण झाली की अंगावर काटा येतो. पण तेव्हा मी सदतीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं.

तेव्हा दुकान आम्हा दोघा भावांचं होतं. माझं टेबल, दादाचा रस्ता. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. त्याच्यासारखा गाडी चालवणारा मी पाहिला नाही, आणि हे भाऊ म्हणून म्हणत नाही. गाडीत बसला की त्याचे खांदे खाली यायचे, आवाज खाली यायचा, समोरच्या काचेतून तो असा बघायचा की जणू रस्ताच त्याला काहीतरी सांगतोय आणि तो मान डोलावून ऐकतोय. मी यंत्र बसवलं की तो गाडी मोठ्या रस्त्यावर नेऊन तपासायचा. खिशात एक छोटी वही आणि अर्धी लाल अर्धी निळी पेन्सिल. चुकलं ते लाल, जमलं ते निळं. रस्त्यावरची नजर न काढता निळं टोक हाताला कळावं म्हणून त्याने तिथे चाकूने दोन खाचा पाडल्या होत्या. त्या दिवशी सकाळी तो ती पेन्सिल शोधत होता. खिसे चाचपले, टेबलं धुंडाळली, मला दोनदा विचारलं. मी भात्यावर वाकलेलो होतो. ‘‘असेल इथेच, शोध की,’’ मी म्हणालो, वर न बघता. शेवटी वहिनींनी पर्समधून पेन काढून दिलं. त्यांना पुढच्या गावी बहिणीला भेटायचं होतं, म्हणून त्या त्याच गाडीतून जाणार होत्या. फिकट पिवळी गाडी, एका डॉक्टरांची. वहिनी बसताना म्हणाल्या, ‘‘भावजी, मला ह्या यंत्राची भीती वाटते बाई. गाडीला एकदा चालायला सांगितलं की ती थांबणार कशी?’’ आणि मी हात पुसत पुसत, मोठ्या तोऱ्यात म्हणालो, ‘‘वहिनी, ब्रेकला नुसतं बोट लावलं तरी सुटतं.’’

उतारावरच्या वळणावर गाडी कठड्याला धडकली. ब्रेक लागला, पण इंजिन गाडी पुढे ओढतच राहिलं. दादाच्या दोन बरगड्या मोडल्या. वहिनींचा उजवा गुडघा गेला. दवाखान्यात दादा एकच वाक्य म्हणत होता, ‘‘मी ब्रेक दाबला होता रे, गाडी सोडेचना.’’ म्हणताना त्याचा पाय चादरीखाली हलायचा. तिसऱ्या दिवशी विम्याचा माणूस दुकानात आला. सभ्य माणूस, घाई नाही, चष्मा पुसत बोलणारा. त्याने विचारलं, तुम्ही यंत्र बसवलंत, तुम्हाला काय वाटतं? आणि मी, ज्याला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी कोपऱ्यात गाठलं नव्हतं, मी अगदी सहज म्हणालो, ‘‘पाय चुकला असेल. बूट नवे होते त्याचे. तळवे घसरतात.’’ बूट नवे नव्हते. निदान तितके नवे नव्हते. हे बुटांचं मला कुणी विचारलंही नव्हतं. मीच माझ्या पदरचं घातलं.

आता जे सांगायचं ते इतकी वर्षं मी स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. मला माहीत होतं. नळीत पेन्सिल आहे हे आज दिसलं, पण माहीत होतं तेव्हापासून. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, विम्याचा माणूस यायच्या आधी, मी दुकान उघडलं आणि बुचांचा डबा उघडला. चार बुचं असायची, चार मापांची. मी मोजली. तीन होती. टेबलाखाली पाहिलं, केरात पाहिलं. मग टेबलाच्या फटीत अर्धी लाल पेन्सिल सापडली, ताजी मोडलेली. तेव्हा आठवलं: त्या सकाळी ह्या नळीच्या मापाचं चौथं बूच हाताशी सापडत नव्हतं, डोळे भात्यावर होते, हाताला जे लागलं ते कटकन मोडून मी नळीत ढकललं होतं. दादा माझ्या मागे उभा राहून पेन्सिल शोधत होता आणि ती माझ्या हाताखालच्या नळीत होती. मी काय केलं? लाल तुकडा दुकानामागच्या चुलीत टाकला. लाकडाची एक काडी घेतली, तासली, चौथं बूच तयार केलं आणि डब्यात टाकलं. पुन्हा मोजली. चार. डबा बंद केला. मोडकी गाडी चार दिवस गोदामात उभी होती, चालत दहा मिनिटांवर. जाऊन नळी उपसून बघायला पाच मिनिटं लागली असती. मी गेलो नाही. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी ती विकून टाकली आणि मी सुटलो म्हणून श्वास सोडला. शी! अजून तो श्वास आठवतो.

आणि ह्या सगळ्याचं फळ मला काय मिळालं, तर चांगुलपणा. दादाने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. मी त्याला दुकानात खुर्ची दिली, फोन घेण्याचं, सुटे भाग मागवण्याचं काम दिलं. कधी एका शब्दाने बोललो नाही. नातेवाईक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. वहिनी काठी घेऊन चालायला लागल्या आणि त्यांच्या विनोदी स्वभावाने त्यांनी ह्या सगळ्याचा एक विनोदच करून टाकला. दादा जिना उतरायला लागला, उंबरा ओलांडायला लागला की त्या म्हणणार, ‘‘अहो, पाय नीट ठेवा हं.’’ सगळे हसणार. दादाही हसणार. मी तर सगळ्यांत मोठ्याने. एकवीस वर्षं. मुलांची लग्नं झाली, दादाने दुकानात येणं सोडलं, त्याचे केस पांढरे झाले, तरी ते वाक्य तसंच. काही वर्षांनी तर दादाच पाहुण्यांना सांगायला लागला, ‘‘माझा पाय चुकला ना तेव्हा.’’ ‘गाडी सोडेचना’ हे त्याच्या तोंडून केव्हा गेलं ते मला कळलंच नाही. कदाचित कळलं असेल आणि बरं वाटलं असेल.

तर ती गाडी पुन्हा माझ्याकडे आली. मधे तीन-चार मालक झाले, रंग बदलला, नंबर बदलला. यंत्राच्या वायरी कुणीतरी कापून टाकल्या होत्या, त्यामुळे भात्याला कुणी हात लावला नव्हता. आताच्या मालकीणबाई कॉलेजात शिकवतात. मला म्हणाल्या, ‘‘नवं काही बसवू नका. होतं तेच चालतं करा. ज्याने मुळात बसवलं त्याचं काम मला हवंय.’’ मी मान डोलावली होती. आता तो पेन्सिलीचा तुकडा टेबलावर पडला होता आणि टाकायला आता माझ्याकडे चूल नव्हती. म्हणजे टाकता आला असता, कचऱ्याची पेटी पायाशीच होती. मी तो रुमालात गुंडाळला, खिशात घातला आणि दादाच्या घरी गेलो.

दादा बाल्कनीत खुर्चीवर बसून वहिनींचा गुडघा शेकत होता. गरम पाण्याची पिशवी, वर टॉवेल, वर त्याचा हात. रोजचंच आहे ते, सकाळ-संध्याकाळ. वहिनी म्हणाल्या, ‘‘या भावजी. चेहरा का असा पडलाय? गिऱ्हाईक पळालं की काय?’’ आणि चहा टाकायला काठी टेकत आत गेल्या. मी दादासमोर बसलो. मी म्हणालो, ‘‘दादा, तेव्हा तुझा पाय चुकला नव्हता. चूक माझी होती. मी नळीतलं बूच काढलं नव्हतं.’’ एका दमात म्हणून टाकलं. दादाने टॉवेलची घडी घातली, ती मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे असा पाहायला लागला की मला वाटलं आता उठेल आणि एक ठेवून देईल. मला ते हवं होतं. पण त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, ‘‘छोट्या, तू अजूनही तसाच आहेस. लहानपणी मी काच फोडली की तू बाबांना सांगायचास, मी फोडली. आठवतं?’’ मी म्हणालो, ‘‘दादा, ऐक ना, खरंच…’’ तो म्हणाला, ‘‘पुरे. आता ह्या वयात माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. माझा पाय चुकला, मी ते कबूल केलंय. तू मला कधी एका शब्दाने बोलला नाहीस, तेवढं मला पुष्कळ आहे.’’ माझा हात खिशात होता. मुठीत तुकडा होता, त्याच्या खाचा मला बोटांना लागत होत्या. नुसता हात बाहेर काढायचा होता. पण तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या, आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. सांगून झालं आणि काही झालंही नाही, असं. मी चहा प्यालो. वर आणखी अर्धा कप मागितला.

त्यानंतरचे चार दिवस मी यंत्र जुळवलं. नवा रबर कापला, भाता शिवला, साखळीला तेल दिलं, झडप साफ केली. हात आपले काम करत होते. ह्या वेळी बुचाला लाल फीत बांधली, हातभर, आणि तपासून झाल्यावर ती सोडून समोर खिळ्याला टांगली. बूच काढलं का, हे मी तीन वेळा पाहिलं. मग रात्री अंथरुणातून उठून पुन्हा दुकानात जाऊन पाहावं असं वाटलं, पण गेलो नाही. पडल्या पडल्या तो ‘आणखी अर्धा कप’ आठवत होता. दादाच्या भरल्या डोळ्यांसमोर बसून मी चहा मागितला. मला दादाने माफ केलं असतं तर चाललं असतं, हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं. पण त्याने मला चांगला ठरवलं होतं, आणि मी ते घेऊन घरी आलो होतो, फुकटची वस्तू पिशवीत टाकावी तसं.

पाचव्या दिवशी सकाळी गाडी रस्त्यावर तपासायची होती. मी ती दादाच्या दारात नेली. रंग हिरवा, त्यालाही ओळख पटली नाही. ‘‘चल,’’ मी म्हणालो, ‘‘एकटा कंटाळलोय. तुझ्यासारखा कान दुसऱ्या कुणाचा नाही.’’ तो नको म्हणाला. अपघातानंतर तो पुढच्या सीटवर बसलेला नव्हता, नेहमी मागेच. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, ‘‘जा हो. तेवढीच हवा लागेल. आणि पाय नीट ठेवा म्हणजे झालं.’’ दादा हसला आणि पुढे, माझ्या शेजारी बसला.

मोठा रस्ता सकाळी मोकळा असतो. मी वेग वाढवत सत्तरवर आणला, बटण दाबलं. बॉनेटखालून भात्याचा बारीक सुस्कारा आला, साखळी ताणली गेली आणि काटा सत्तरवर थांबला. मी एक्सलरेटरवरून पाय काढून बाजूला ठेवला. गाडी आपली आपण चालली होती. ‘‘छान धरलंय,’’ दादा म्हणाला. आवाज खाली आलेला. खांदेही. कितीतरी वर्षांनी तो काचेतून तसा बघत होता. पुढे लांबचा उतार सुरू झाला, उताराच्या तळाशी वळण होतं. दुसरा रस्ता, दुसरं वळण. असली वळणं सगळीकडे असतात. मी ब्रेककडे पाय नेला नव्हता अजून. आणि माझी नजर खाली गेली. दादाचा उजवा पाय पुढे सरकला होता. टाच जमिनीला टेकलेली, पंजा उचललेला, आणि जिथे त्याच्यासमोर नुसता पत्रा होता, तिथे त्याने तो दाबला. घसरला नाही, इकडेतिकडे गेला नाही, चाचपडला नाही. सरळ जाऊन दाबला आणि दाबूनच ठेवला. मांडीचा स्नायू पँटच्या आतून थरथरताना दिसत होता. चेहऱ्यावर काही नव्हतं. त्याला कळलंही नव्हतं. डोक्याने माझं ऐकलं होतं, लोकांचं ऐकलं होतं, वहिनींच्या विनोदाला हसून झालं होतं. पायाने कुणाचंच ऐकलं नव्हतं. मी ब्रेकला बोटाएवढा दाब दिला. भाता सुटला. गाडी हलकी झाली. वळण निघून गेलं तरी दादाचा पाय तसाच होता.

मी गाडी कडेला घेतली, बंद केली. हात खिशात घातला आणि ह्या वेळी बाहेर काढला. रुमाल उलगडून तुकडा दादाच्या तळहातावर ठेवला. ‘‘ह्याच गाडीच्या नळीत होता,’’ मी म्हणालो, ‘‘हीच ती गाडी.’’ दादाने चष्मा काढला नाही, तुकड्याकडे पाहिलंही नाही. नुसता अंगठा फिरवला. एक खाच, दुसरी खाच. पुन्हा एक, पुन्हा दुसरी.

‘‘ही माझी,’’ तो म्हणाला. मग म्हणाला, ‘‘किती शोधली त्या दिवशी.’’

शेजारून एक ट्रक गेला, गाडी हलली.

‘‘तुला कधी कळलं?’’

इथे मला म्हणता आलं असतं, मागच्या आठवड्यात. जिभेवर आलंही होतं ते. ‘‘दुसऱ्या दिवशी,’’ मी म्हणालो. ‘‘डब्यात तीनच बुचं होती. मी चौथं तासून ठेवलं. आणि विम्याच्या माणसाला बुटांचं मीच सांगितलं.’’

‘‘ते बूट मी फेकून दिले होते,’’ दादा म्हणाला. मग तो खिडकीबाहेर पाहत राहिला. मला त्याचा कान दिसत होता, मानेवरचे पांढरे केस दिसत होते. रडला असता तर मी काहीतरी केलं असतं, पाठीवर हात ठेवला असता, पाय धरले असते. तो रडला नाही. ‘‘मी तिची रोज माफी मागतो,’’ तो म्हणाला. ‘‘मोठ्याने नाही. पिशवी ठेवताना, मनात. आज सकाळीही मागितली.’’ त्याने तुकडा शर्टाच्या खिशात घातला, पूर्वी घालायचा तसा, निळं टोक वर. ‘‘घरी चल. तिच्यासमोर सांग. पहिल्यापासून सांग, काही गाळू नकोस. मी मधे बोलणार नाही.’’

मी गाडी वळवली. बटणाला हात लावला नाही. दादाचा पाय आता स्वस्थ होता, खालच्या चटईवर नुसता पडून, कुठेही जात नव्हता. माझा एक्सलरेटरवर होता आणि तो मला आवरत नव्हता. गाडी गचके खात, कमी-जास्त होत चालली होती. दोन गचके त्याने सोसले. तिसऱ्याला तो समोर बघतच, अगदी सावकाश म्हणाला,

‘‘पाय नीट ठेव.’’